नकाशात नसलेला जिना

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय बाळासो,

खुशाली विचारत बसत न्हाय, कारण तू खुशालच असणार. पुण्यात सरकारी खुर्ची, डोक्यावर पंखा, पुढ्यात चहा. आमचं सांगतो. तलावाचं काम छपरापर्यंत आलंय. आठ लेन, वर छप्पर, कडंला चारशे माणसांची गॅलरी! मर्दा, नुसता रिकामा खड्डा बघायला माणसं येत्यात. घरातनं डबा बांधून येत्यात.

आणि नाव ऐक. 'आप्पासाहेब जलतरण तलाव'. तुझ्या वडलांचं नाव. मंडळाच्या बैठकीत मीच सुचवलं. आप्पाकाकांनी मळ्यातल्या विहिरीत ढकलून आपल्याला पोहायला शिकवलं, मग दुसऱ्या कुणाचं नाव देणार? तुला आधी विचारायला पायजे हुतं, पण म्हटलं एकदम कळवून खूष करावं.

आता कामाचं. आमची फाईल तुझ्याच ऑफिसात आलीया. दोन बाबतीत सूट मागितलीय. गॅलरीला दोन जिने पायजेत म्हणं, आग लागली तर पळायला. आणि पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर जनरेटरच्या खोलीत ठेवायची न्हाय, तिला लांब येगळी खोली बांधा म्हणं. आता तूच सांग, खाली साडेसात लाख लिटर पाणी आणि आम्ही आगीला भ्यायचं? हसतील की लोकं. दुसरा जिना काढला तर मागच्या पन्नास खुर्च्या जात्यात. तेवढी सही करून टाक. घरचंच काम हाय.

पिराजीला पंपावर घेतलाय. आपल्या मळ्यातल्या आकारामचा पिराजी, आठवतो न्हवं? पंप, जनरेटर, पावडर, सगळं तोच बघणार. त्यानं तुला रामराम सांगितलाय.

तुझा,
उदयसिंह

---

पुणे,
२६ नोव्हेंबर १९९६

उदयसिंह यास,

पत्र मिळालं. फाईल पाहिली. दोन्ही सवलती देता येणार नाहीत.

तुला हसू येतं म्हणून सविस्तर लिहितो. तलावातलं पाणी तलावात असतं, ते जिना चढून आग विझवायला येत नाही. तुमची पावडर दिसायला चुन्यासारखी गरीब असते, पण तिच्यावर डिझेल सांडलं की काडी न लावता पेटते, आणि पेटल्यावर जो धूर निघतो तो छातीत गेला की माणूस संपला. तुमच्या नकाशात जनरेटरची खोली बरोब्बर गॅलरीच्या जिन्याखाली आहे. म्हणजे धूर वर येणार त्याच वाटेनं चारशे माणसं खाली उतरणार. पन्नास खुर्च्या कमी कर, मागून जिना काढ, पावडरीला मैदानाच्या कडेला खोली बांध. मग ये.

नावाबद्दल. आप्पा माझे वडील होते. त्यांच्या नावानं काही करायचं तर ते मी करायचं होतं. तू बैठकीत परस्पर नाव सुचवलंस आणि टाळ्या घेतल्यास. खूष झालो असं खोटं लिहिणार नाही.

पिराजीला माझाही रामराम.

बाळासो

---

कोल्हापूर,
४ डिसेंबर १९९६

बाळासो,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. जिना, डिझेल, धूर सगळं वाचलं, आणि शेवटी खरं दुखणं सापडलं. पोटात दुखतंय तुझ्या! सरळ सांग की. एक्याऐंशी साली जिल्ह्याच्या स्पर्धेत तू एका हातानं मागं राहिलास, त्याला आता पंधरा वर्षं झाली. मी राज्याला गेलो, मेडल आणलं, त्यात माझा काय गुन्हा? तवापासनं तू माझ्याशी नीट बोललेला न्हाईस. माझ्या लग्नात जेवलास आणि हात धुऊन सरळ स्टँडवर गेलास.

आता हातात पेन आलंय तर सूड काढतोस व्हय? काढ. पण तलाव तुझ्या बापाच्या नावाचा हाय, हे ध्यानात ठेव. उद्या भावकीत विचारतील, बापाच्या नावाला कोण आडवा पडला, तर मी कुणाचं नाव सांगू?

उदयसिंह

---

गडहिंग्लज,
१९ जानेवारी १९९७

चि. बाळासो यास आक्काचा आशीर्वाद.

काल आपल्या गावी कोडोलीला बारशाला गेलतो आम्ही. जेवायच्या पंगतीत तुझाच विषय. थोरल्या काकी म्हणाल्या, बाळासोनं उदयाची फाईल दाबून ठेवलीया, बघवत न्हाय त्याला. कुणी म्हटलं, सख्ख्या बापाचं नाव लागतंय तर आनंद व्हायचा सोडून हा नियम सांगतोय. माझ्या सासूबाई, अव्वा, शेजारी बसल्यावत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

मी तुला लहानपणापासनं ओळखते. तू खोटं बोलत न्हाईस, पण मनात धरून ठेवतोस. खरं सांग, उदयाच्या जागी दुसरा कोण असता तर तू अशीच अडवणूक केली असतीस का? मला लिही. भावकीची तोंडं मला बंद करायची हाईत.

आमची पूर्णिमा आता दहा वर्षांची हाय आणि दिवसभर पाण्यात पडायचं म्हणते. तलाव झाला की तिला उदयाकडं कोल्हापूरला ठेवायचं ठरवलंय. तो पोरीसारखी सांभाळंल.

तुझी,
आक्का

---

पुणे,
२ फेब्रुवारी १९९७

सौ. आक्कास, सा. न.

तुझा प्रश्न वाचून तीन रात्री नीट झोप लागली नाही.

दुसरा कोणी असता तरी मी नाहीच म्हटलं असतं. नियम बरोबर आहे, धोका खरा आहे. पण दुसऱ्या कुणाला नाही म्हणताना मला एवढं बरं वाटलं नसतं. हे तुलाच सांगतो. चुलतभावाची फाईल म्हणून ती मी शेजारच्या टेबलावर द्यायला हवी होती, तसा रिवाज आहे. दिली नाही. उदयला नाही म्हणायचा मान मला दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता.

तू स्पर्धेला नव्हतीस. मी पाण्यातून वर आलो तेव्हा आप्पांनी ओल्या उदयला खांद्यावर घेतलं होतं. त्यांचा सदरा भिजला. मला त्यांनी टॉवेल दिला. फेकला नाही, नीट हातात दिला, 'पूस' म्हणाले. आक्का, तेवढंच. पण अजून कुणी टॉवेल पुढं केला की मला तो दिवस आठवतो.

आता भावकी म्हणते तसा मी आहे की नाही, हे माझं मलाच कळेना. म्हणून काल फाईल काढली आणि दोन्ही सवलती देण्याची शिफारस करून सही केली. शेऱ्यात लिहिलं, 'वास्तू पाण्याच्या तलावाची असल्याने आगीचा धोका नगण्य.' साहेबांनी न वाचताच पुढे सही केली. भावकीला सांग, बाळासो मनात काही ठेवत नाही.

पूर्णिमाला कोल्हापूरला पाठवायची घाई करू नकोस. निदान गॅलरीत बसू देऊ नकोस.

तुझा,
बाळासो

---

पुणे,
३ फेब्रुवारी १९९७

उदयसिंह,

सवलती दिल्या. मंजुरीचं पत्र मंडळाला येईल. आता माझ्या पोटात काही दुखत नाही, एवढं भावकीत सांग.

बाळासो

---

कोल्हापूर,
२२ फेब्रुवारी १९९७

बाळासो,

मंजुरी आली. मंडळानं पेढे वाटले. मी खाल्ला न्हाय. तू अडवलंस तवा मी भांडायला मोकळा हुतो. आता तुझ्या मेहेरबानीवर माझा तलाव उभा राहणार, हे काय मला रुचत न्हाय. पण असू दे. आभार मानायची रीत हाय म्हणून मानतो.

उदयसिंह

---

कोल्हापूर,
२ मे १९९८

बाळासो,

अक्षय्य तृतीयेला उद्घाटन झालं, तू आला न्हाईस. पत्रिका पोचली हुती, मला पोस्टमननं सांगितलं. आप्पाकाकांच्या फोटोला हार मी घातला. तुझी वाट बघून उशिरा घातला, एवढं तुला कळवतो. लोकं विचारत हुती, थोरला मुलगा कुठं हाय म्हणून. मी म्हटलं, मोठा साहेब झालाय, येळ न्हाय.

उदयसिंह

---

पुणे,
११ ऑगस्ट २००१

उदयसिंह,

साडेचार वर्षांनी लिहितोय. आक्कानं पेपरातलं कात्रण पाठवलं. पूर्णिमा राज्यात दुसरी. फोटोत ती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तू. तुझे केस गेले, पण उभं राहायची ऐट तीच आहे. अभिनंदन. पूर्णिमानं मला मेडल मिळाल्याचं कळवलंही नाही. मामा आहे मी तिचा.

पण लिहायचं कारण वेगळं. कात्रणात मागं गॅलरी दिसते. गच्च भरलेली. माणसं कठड्याला टेकून उभी आहेत. मी ते बघत बसलो आणि जेवण तसंच राहिलं. कुठल्याही शहरातली आगीची बातमी आली की मी आधी गावाचं नाव बघतो, मग पुढचं वाचतो. माझी सही चुकीची होती. अजून वेळ गेलेली नाही. मागून जिना काढ, पावडर बाहेर हलव, नवा नकाशा पाठव. मी स्वतः फाईल घेऊन फिरतो, एका दिवसात मंजुरी आणून देतो. हवं तर तुझ्या पाया पडतो. पण जिना काढ.

बाळासो

---

कोल्हापूर,
२० ऑगस्ट २००१

बाळासो,

पाया कशाला पडतोस? तुझी सही हाय की माझ्याकडं. 'आगीचा धोका नगण्य.' फ्रेम करून ऑफिसात लावलीया. कुणी तपासणीला आलं की तीच दाखवतो. तू निवांत झोप.

उदयसिंह

---

कोल्हापूर,
३० मे २००४

बाळासो,

पेपरात तू वाचलंच असशील. तू चार वेळा फोन केलास, मी उचलला न्हाय. बोलवत न्हाय म्हणून लिहितोय.

तेवीस तारखेला उन्हाळी शिबिराच्या स्पर्धा हुत्या. गॅलरीत साडेतीनशे माणसं, सगळी आईबापं. चार वाजता लाईट गेली. रोजचंच हाय आता ते. पिराजी जनरेटरला डिझेल घालत हुता, कॅन निसटला, डिझेल पावडरीच्या पिंपाकडं गेलं. पुढचं तू सव्वीस नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलंयस. तसंच झालं, शब्दाला शब्द. काडी न लावता पेटली. पिवळा धूर जिन्यातनं वर आला.

माणसं वाचली. सगळी. पूर्णिमा पाण्यात हुती, ती बाजूच्या दारानं बाहेर आली. आणि गॅलरीतली माणसं मागच्या जिन्यानं मैदानात उतरली. व्हय, मागच्या जिन्यानं. तुझी मंजुरी आल्यावर दोन महिन्यांत मी तो बांधून घेतला. नकाशात न्हाय, फाईलीत न्हाय, तुझ्या नियमानं बेकायदेशीर जिना. पन्नास खुर्च्या काढल्या. तू बरोबर हाईस हे मला पहिल्याच पत्रात कळलं हुतं. पण तुझ्या मेहेरबानीवर बसायचं न्हवतं, आणि तू जिंकलास हे तुला कळू द्यायचंही न्हवतं. पूर्णिमाला शपथ घातली हुती, मामाला जिन्याचं सांगायचं न्हाय. म्हणून पोर तुला पत्र लिहायचं टाळत हुती. तू घाबरून पत्र पाठवलंस तवा मी हसलो हुतो, बाळासो. गल्लीत चारचौघांना वाचून दाखवलं.

आता पिराजीचं. तो धुरातनं बाहेर आलेला. मग खोलीचं दार उघडंच राहिलंय, धूर वर चाललाय, हे बघून लावायला परत गेला. दार लावलं. आतनं लावलं. बाहेरची कडी कधीची मोडली हुती. त्याला काढला तवा छातीत काय उरलंच न्हवतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला.

तो परत आत शिरला तवा मी कुठं हुतो सांगू? मागच्या जिन्यापाशी. माणसं धडाधड उतरत हुती आणि मला वाटत हुतं, बाळासोनं हे बघायला पायजे हुतं. देवाशपथ, त्या टायमाला मला तू आठवलास. दार माझ्यापासनं पंधरा पावलांवर हुतं.

तू इचारशील, जिना बांधलास तर पावडरीची खोली का न्हाय बांधली. मी पण सात दिवस तेच इचारतोय. जिना बांधला तो तुझ्यावर मात करायला. खोलीत मात करण्यासारखं काय न्हवतं. तिथं नुसता पिराजी असायचा.

उदय

---

पुणे,
४ जून २००४

प्रिय उदय,

तुझं पत्र वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, मग तू हवं ते म्हण. साडेतीनशे माणसं वाचली याचा आनंद दुसरा आला. पहिल्यांदा आलं की हा पुन्हा पुढे गेला. जिना माझ्या डोक्यातला, नियम माझा, आणि माणसं वाचवली यानं. कागदावर मी जिना नको म्हटलेला माणूस, आणि तू बांधणारा. पिराजी गेल्याचं वाचून झाल्यावरसुद्धा हा विचार गेला नाही. पानाच्या शेवटापर्यंत सोबत होता. एवढा मी नीच आहे.

चौकशी समितीला मी काल लेखी जबाब दिला. धोका माहीत असून, केवळ भावकीत माझं नाव खराब होऊ नये म्हणून सवलतींची शिफारस केली, असं स्पष्ट लिहिलं. नोकरी जाईल, जाऊ दे. पिराजीला मी मारलं. तू नाहीस. तू मला भरीस पाडलंस हे खरं, पण खुर्चीवर मी होतो. तू यात पडू नकोस.

बाळासो

---

कोल्हापूर,
८ जून २००४

बाळासो,

यात पडू नकोस म्हणं! तू कोण सांगणार? माझा जबाब तुझ्या आधी दोन दिवस गेलाय. मोडकी कडी माझी, खोली माझी, माणूस माझा. तू लांब पुण्यात बसून एक सही केलीस. मी सहा वर्षं रोज त्या खोलीपुढनं गेलो. दोष माझा हाय, तू उगंच मोठेपणा घेऊ नको. आणि धोंडुबाईच्या, म्हणजे पिराजीच्या बायकोच्या जन्माची जबाबदारी मी घेणार हाय. तू कायबी पाठवायचं न्हाय तिला. सांगून ठेवतो.

उदय

---

गडहिंग्लज,
१५ जून २००४

बाळासो आणि उदय, दोघांस,

हेच पत्र दोन कागदांवर लिहून दोघांना टाकलंय. कुणाला आधी पोचलं ते एकमेकाला विचारू नका.

तुमची पत्रं दोघांनीही मला वाचायला पाठवलीत, मोठा पराक्रम केल्यासारखी. वाचली. अंगाचा तिळपापड झाला. अरे, आधी कोण जिंकला म्हणून भांडलासा, आता कोण जास्त पापी म्हणून भांडतायसा? कुणाचा जबाब दोन दिवस आधी गेला, हे लिहायला लाज वाटली न्हाय? चाळिशी उलटली तुमची.

बाळासो, तुला तेव्हा मी पंगतीतली बोलणी कळवली. कळवली नसती तर तू सही केली नसतीस. म्हणजे माझाही हात लागलाय. पण मी त्याच्यावर बसून पत्रं लिहिणार न्हाय.

एक सांगते, ते ऐका. मळ्यातल्या विहिरीत तुम्ही तिघं उड्या टाकायचा. मी काठावर कपडे राखत बसायची. तळाची माती घेऊन आधी वर कोण यायचं ते मी रोज बघितलंय. तुम्हा दोघांपैकी कुणीच न्हाय. पिराजी यायचा. येऊन माती हळूच पाण्यात सोडायचा, मालकाच्या पोरांच्या आधी आलो हे दिसू नये म्हणून. आप्पांना ते दिसायचं. मलाही दिसायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेला दोघांची नावं दिली, तिसऱ्याचं द्यावं असं आपल्यातल्या एकालाही सुचलं न्हाय.

परवा कोडोलीला धोंडुबाईकडं जाऊन आले. ती रडत न्हवती. चुलीपुढं बसलीवती, चूल पेटवलेली न्हवती. चौकशीचं तिनं काय विचारलं न्हाय, जिन्याचं न्हाय, सहीचं न्हाय. तुमची नावंही घेतली न्हाईत. तिनं एकच विचारलं, आक्का, तो परत आत चाललावता तवा त्याला कुणी हाक मारली का?

रविवारी सकाळच्या एस्टीनं दोघं कोडोलीला या आणि तिला सांगा.

आक्का